माशांच्या मोठ्या काचेच्या टाकीस हीटर कसा निवडावा?

कार्तिक सरला कीं माण-खटावच्या उघड्या माळावर वारा फिरतो. दिवसां ऊन चांगलें पडतें. परंतु हवा कोरडी आणि आकाश निरभ्र असल्यामुळें सूर्य मावळतांच जमिनीची ऊब झपाट्यानें निघून जाते, आणि पौषांतल्या पहाटे वडूजच्या परिसरांत पारा कित्येकदां १० ते १२ अंशांपर्यंत उतरतो. या दिवसांत आपण गोठ्याला पोत्यांचे पडदे बांधतों आणि कोंबडीच्या पिलांवर दिव्यांची ऊब धरतों. परंतु अलीकडे आपल्यापैकीं कित्येकांच्या सोप्यांत एक नवें जित्राब येऊन राहिलें आहे, त्याच्या थंडीची मात्र आपणांस कल्पना नसते. तें जित्राब म्हणजे मोठ्या काचेच्या टाकींतले रंगीत मासे. गाय गारठली तर अंग चोरते, कोंबडी पिसें फुलवून बसते. मासा मुकाट्यानें तळाशीं जातो आणि दोन दिवसांनीं वर तरंगतो.

टाकीस हीटर कोणता घ्यावा असें विचारलें असतां दोन प्रकारचीं उत्तरें मिळतात. मुंबईकडील माहितगार सांगतात कीं हीटरची गरजच नाहीं. हें त्यांच्यापुरतें खरें आहे. समुद्रकांठच्या दमट हवेंत हिवाळ्यांतल्या रात्रींही घरांतलें पाणी फारसें निवत नाहीं. मुंबईस १९५१ सालीं तारापोरवाला मत्स्यालय उघडलें. रंगीत मासे प्रथम तेथें पाहून हौस लागलेल्या कित्येकांचा अनुभव मुंबईच्याच हवेचा आहे. दुसरें उत्तर सर्रास सांगितल्या जाणाऱ्या ठोकताळ्याचें, कीं दर लिटर पाण्यास एक वॅट धरावा. हा हिशेब लहान टाकीचा आहे. मोठ्या टाकीस तो लावला तर हीटर गरजेहून फार मोठा येतो, आणि त्यांतला धोका मीं स्वतः अनुभवला आहे.

माझ्या घरची टाकी ६ फूट लांब, २ फूट रुंद आणि २ फूट उंच आहे. पहिल्या हिवाळ्यांत एका विक्रेत्याच्या सल्ल्यानें ५०० वॅटचा एकच हीटर मीं तींत बसविला. महिनाभर तो नीट चालला. पुढें एका लग्नकार्यासाठीं मी दोन दिवस परगांवीं गेलों असतां त्याच्या थर्मोस्टॅटचे संपर्कबिंदू चिकटले आणि हीटर बंद होईना. नातवानें काचेस हात लावून "आजोबांच्या टाकीचं पाणी गरम लागतंय" असें घरांत सांगितलेंही. पण एवढ्या थंडींत पाणी ऊबदार आहे हें बरेंच, असें घरच्या मंडळींस वाटलें. मी परतलों तेव्हां पाणी ३५ अंशांवर होतें आणि एंजल जातीचे सर्व मासे मेले होते. दोष घरच्यांचा नव्हता. हीटर घेतांना टाकीचें गणित मीं केलें नव्हतें, तें मीं नंतर केलें. तेंच येथें वाचकांपुढें ठेवीत आहें.

हीटर लागतो कोणास?

प्रथम आपल्या टाकींतला मासा कोठचा आहे तें पाहावें. एंजल, डिस्कस आणि बहुतेक टेट्रा हे दक्षिण अमेरिकेंतल्या उष्ण नद्यांचे मासे आहेत. एंजल आणि टेट्रा यांना २४ ते २८ अंशांचें पाणी मानवतें. डिस्कसला २८ ते ३० अंश लागतात. गुरामी आग्नेय आशियाच्या उष्ण भागांतला असून त्यालाही ऊब हवी. उलट गोल्डफिशला थंड पाणीच अधिक मानवतें. आपल्या उपखंडांतलाच झेब्रा डॅनिओ हा चपळ मासाही थंडी पुष्कळ सोसतो. ज्यांस हीटरचा खर्च व काळजी नको, त्यांनीं हेच मासे पाळावेत. त्यांत कमीपणा कांहीं नाहीं. जमीन पाहून पीक घेणें हाच तो विचार होय.

येरळवाडीच्या तलावांतल्या माशांस कोण हीटर लावतो, असा प्रश्न कोणी विचारील. तलावाचें पाणी अफाट असतें, तें एका रात्रींत निवत नाहीं. शिवाय मासा हवा तो थर शोधून खोल जाऊं शकतो. काचेच्या टाकींत थोडें पाणी चारी बाजूंनीं उघडें असतें आणि पळून जाण्यास जागा नसते. माशाच्या अंगाची उष्णता पाण्याच्या उष्णतेबरोबर उतरते. पाणी थंड झालें कीं त्याचें पचन मंदावतें आणि रोगाचा प्रतिकार करण्याची शक्ति घटते. अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके उठण्याचा रोग पाणी एकाएकीं गार झाल्यानंतर बळावतो, त्याचें कारण हेंच.

पाण्याचें गणित

वर सांगितलेल्या मापाच्या टाकींत वाळू, दगड आणि वरची मोकळी जागा वजा जातां सुमारें ६०० लिटर पाणी राहतें. तेवढें पाणी एक अंशानें तापविण्यास जवळजवळ ०.७ युनिट वीज लागते. म्हणजे ३०० वॅटच्या हीटरला, उष्णता मुळींच बाहेर गेली नाहीं असें धरलें तरी, एका अंशास सव्वादोन तासांहून अधिक वेळ लागेल. परंतु पाणी एकदां तापविणें हें हीटरचें खरें काम नव्हे. काचेंतून आणि पृष्ठभागावरून जी उष्णता रात्रंदिवस गळते, ती भरून काढणें हें त्याचें काम. विहिरीवरचा पंप निवडतांना आपण जसा झऱ्याचा विचार करतों, तसा येथें गळतीचा विचार केला पाहिजे.

झांकण असलेल्या पण बाजू उघड्या असलेल्या या मापाच्या टाकींतून, पाणी व खोली यांच्या उष्णतेंत एक अंशाचा फरक असतांना, अंदाजें २५ ते ३० वॅट उष्णता गळते. पाणी २६ अंशांवर ठेवावयाचें आणि पहाटे खोली १६ अंशांवर उतरते असें धरलें, तर फरक १० अंशांचा आणि गळती सुमारें २९० वॅटची झाली. म्हणजे लिटरमागें अर्ध्या वॅटहून कमीच. पाणी दुप्पट झालें म्हणून काचेचा पृष्ठभाग दुप्पट होत नाहीं. म्हणून मोठी टाकी लिटरच्या मानानें कमी उष्णता गमावते, आणि लिटरमागें एक वॅटचा ठोकताळा तिला लागू पडत नाहीं.

परंतु माझा आंकडा कोणी डोळे मिटून घेऊं नये. जाड दगडी भिंतींच्या माळवदी घरांतली खोली आणि पत्र्याखालची खोली यांत फार अंतर असतें. प्रत्येकानें आपल्या घरीं एक सोपा प्रयोग करावा. मासे सोडण्यापूर्वीं टाकी भरून पाणी २६ अंशांपर्यंत तापवावें. रात्रीं हीटर बंद करून पाण्याचें व खोलीचें उष्णतामान लिहून ठेवावें, आणि चार तासांनीं पुन्हां पाहावें. समजा, पाणी १.६ अंशांनीं उतरलें. १.६ ला ०.७ नें गुणून चारनें भागिलें असतां ०.२८ येतात, म्हणजे ताशीं ०.२८ युनिट, किंवा २८० वॅट, ही आपल्या टाकीची गळती झाली. टाकी निराळ्या मापाची असल्यास ०.७ च्या जागीं आपला आंकडा घ्यावा. तो काढण्यासाठीं लिटरांना ८६० नें भागावें.

आधीं पांघरूण, मग शेगडी

गळती कळल्यावर लगेच हीटर आणण्यास धांवूं नये. आधीं गळती कमी करावी. टाकीची मागची बाजू, दोन्ही कडा आणि तळ यांस एक इंच जाडीचे थर्मोकोलचे पत्रे लावावेत. तळाखालचा पत्रा टाकी भरण्यापूर्वींच घालावा लागतो, हें ध्यानांत ठेवावें. पुढची काच पाहण्यासाठीं उघडी राहिली तरी एवढ्यानें गळती तिसऱ्या हिश्शाहून अधिक कमी होते. माझ्या टाकीची गळती २९० वरून सुमारें १७५ वॅटवर आली. हिवाळ्यांत रात्रंदिवसाचा सरासरी फरक ६ अंश धरला, तर त्यामुळें महिन्याकांठीं जवळजवळ ५० युनिट वीज वांचते. थर्मोकोलचा खर्च त्या मानानें अगदीं किरकोळ आहे.

झांकणाची हयगय करूं नये. एक लिटर पाणी वाफ होऊन गेलें, तर सबंध ६०० लिटर पाणी सुमारें एक अंशानें निववील एवढी उष्णता तें घेऊन जातें. उन्हाळ्यांत माठ ज्या कारणानें पाणी गार करतो, त्याच कारणानें उघडी टाकी हिवाळ्यांत मासे गारठविते. आणि आपली हवा कोरडी असल्यामुळें हें आपल्याकडे अधिकच घडतें. काचेचें झांकण घालावें, फक्त हवा खेळण्यापुरती फट ठेवावी.

एक मोठा नको, दोन लहान घ्यावेत

आतां मुख्य मुद्दा. हीटर आज ना उद्यां बिघडतो, हें धरूनच निवड करावी. बिघाड दोन प्रकारचा असतो: एक तर तो मुळींच तापत नाहीं, किंवा तापणें थांबत नाहीं. एकच हीटर असेल तर पहिल्या बिघाडानें मासे गारठतात आणि दुसऱ्यानें शिजतात. माझा ५०० वॅटचा हीटर चिकटल्यावर उघड्या टाकीस खोलीपेक्षां सुमारें १७ अंश अधिक तापवूं शकत होता. खोलीचें सरासरी उष्णतामान २० अंश धरलें, तर पाणी शेवटीं ३७ अंशांवर जाणारच होतें. मी वेळेवर परतलों असतों तरच कांहीं उपाय होता.

तोच हिशेब आतां दोन हीटरांचा पाहूं. थर्मोकोल लावलेल्या माझ्या टाकींत सध्यां १५० वॅटचे दोन हीटर आहेत. त्यांतला एक चिकटला, तर तो एकटा पाणी खोलीपेक्षां साडेआठ अंशांनीं वर नेईल. म्हणजे सरासरी २८-२९ अंश, आणि एंजलला तें सोसतें. एक मुळींच बंद पडला, तर पहाटे खोली १६ अंशांवर असतांनाही दुसरा पाणी २४ अंशांच्या खालीं जाऊं देणार नाहीं. दोन्ही प्रकारांत मासे जगतात आणि आपणांस दुरुस्तीस वेळ मिळतो. पाभरीला दोन बैल जुंपतात तसे हे दोन हीटर होत. फरक इतकाच कीं येथें एक बसला तरी दुसरा काम ओढून नेतो.

एका हीटरचा थर्मोस्टॅट २६ अंशांवर आणि दुसऱ्याचा २५ वर ठेवावा, म्हणजे दुसरा केवळ कडक थंडींतच चालूं होतो आणि त्याचें आयुष्य वाढतें. याशिवाय दोहोंच्या वर बाहेरून लावावयाचा उष्णतानियंत्रक मिळतो. तो २८ अंशांवर लावून ठेवला असतां हीटरचा स्वतःचा थर्मोस्टॅट चिकटला तरी वीज तोडली जाते. यंत्रें कितीही असलीं तरी टाकींत निराळें उष्णतामापक असावें, आणि घरांतल्या कोणीतरी तें रोज सकाळ-संध्याकाळ पाहावें. किती अंश झाले म्हणजे हीटर बंद करावयाचा, हें सर्वांस सांगून ठेवावें. माझ्या घरीं तें सांगितलेलें नव्हतें.

आपल्या विजेचा स्वभाव

हीटरवर लिहिलेले वॅट २३० व्होल्ट दाबाचे असतात. वस्तीवरच्या घरीं संध्याकाळीं दाब १८० पर्यंत उतरल्याचा अनुभव पुष्कळांस असेल. दाब उतरला कीं हीटरची शक्ति दाबाच्या वर्गाच्या प्रमाणांत घटते. १८० व्होल्टवर ती सुमारें ६१ टक्केच उरते. म्हणजे १५० वॅटचे दोन हीटर ३०० वॅटच्या ऐवजीं १८४ वॅट देतात. थर्मोकोल लावलेल्या टाकीची गळती १७५ वॅट असल्यामुळें एवढ्यांत कसेंबसें भागतें. उघड्या टाकीला मात्र २०० वॅटचे दोन हीटरही अशा दाबांत कमी पडले असते. दाब कमी म्हणून मोठा हीटर घ्यावा असा मोह होतो. पण दाब पूर्ववत् होतांच तोच हीटर धोक्याचा ठरतो. यावर खरा उपाय पांघरुणाचाच.

वीज मुळींच गेली तर घाबरून जाऊं नये. मोठी टाकी उशिरां तापते, तशी ती उशिरां निवते. दहा अंशांचा फरक असतांना सहा तासांत उघडी टाकी दोन-सव्वादोन अंश उतरते आणि थर्मोकोल लावलेली दीड अंशाच्या आंत. अशा वेळीं टाकीवर घोंगडी टाकावी, खाद्य घालूं नये, आणि घरीं इन्व्हर्टर असल्यास त्यावर हवेचा छोटा पंपच चालवावा, कारण त्यास वीज अगदीं थोडी लागते. ३०० वॅटचे हीटर सहा तास चालविल्यास १.८ युनिट खर्च होतील आणि घरगुती बॅटरी बहुधा तळास जाईल. उकळतें पाणी टाकींत ओतण्याचा उपाय तर कधींच करूं नये.

हीटरची जात व जागा

बाजारांत मुख्यतः दोन जाती मिळतात: काचेच्या नळींतला, ज्यांत थर्मोस्टॅट आंतच असतो, आणि टायटॅनियम धातूच्या नळींतला, ज्याला बहुधा बाहेरचा नियंत्रक लागतो. काचेचा स्वस्त पडतो, पण मोठा मासा धडकल्यास किंवा दगड कोसळल्यास फुटतो. टायटॅनियमचा महाग असला तरी फुटत नाहीं. टाकीखालीं गाळणीची निराळी पेटी असेल तर हीटर तींत ठेवावेत. तेथें पाणी वाहतें असतें आणि माशांचा धक्का लागत नाहीं. पेटी नसेल तर टाकीच्या दोन टोकांस, गाळणीचें पाणी जेथें फिरतें तेथें, एकेक बसवावा. पाणी फिरतें नसेल तर हीटरजवळ तें ऊन आणि दुसऱ्या टोकास गार राहतें. पाणी तापलें कीं त्यांत प्राणवायु कमी मावतो, २० अंशांवर लिटरमागें सुमारें ९ मिलिग्रॅम तर ३० अंशांवर साडेसात. त्या कारणानेंही हवेचा पंप अवश्य हवा.

हीटर नेहमीं पाण्यांत बुडालेला असावा. पाणी काढण्यापूर्वीं तो बंद करून पंधरा-वीस मिनिटें निवूं द्यावा; तापलेली नळी उघडी पडून तिच्यावर गार पाणी आलें तर ती तडकते. आपल्याकडे बोअरचें पाणी बहुधा जड असतें. त्यांतल्या क्षारांची पांढरी पापडी नळीवर धरली कीं उष्णता पाण्यांत नीट जात नाहीं आणि नळी आंतून जादा तापते. दोन महिन्यांनीं हीटर बाहेर काढून लिंबाच्या रसानें पापडी उतरवावी आणि स्वच्छ पाण्यानें धुवावा.

स्नानाचें पाणी तापविण्याचा रॉड टाकींत घालण्याचा प्रकार कोठें कोठें दिसतो, तो अत्यंत घातक आहे. १५०० वॅटचा रॉड ६०० लिटर पाण्यास अर्ध्या तासाच्या आंत एक अंश चढवितो. चार तास विसरला तर साडेआठ अंश. त्यास थर्मोस्टॅट नसतो. त्याच्या धातूचा अंश पाण्यांत उतरून माशांस बाधतो. आणि पाण्यांत हात घालणाऱ्या माणसाच्या जिवासही धोका असतो. कोणताही हीटर वापरला तरी टाकीच्या जोडणीस चांगली भूयोजना असावी, आणि ३० मिलिॲंपिअर गळतीस वीज तोडणारा आरसीसीबी बसवावा. वायर भिंतीवरच्या खटक्याकडे जाण्यापूर्वीं खालीं झोळ खाऊन मग वर जावी, म्हणजे वायरीवरून ओघळणारें पाणी खटक्यांत शिरणार नाहीं. हात घालण्यापूर्वीं वीज बंद करावी, ही संवय लहानथोरांस लावावी.

पाणी बदलतांना

हिवाळ्यांत गच्चीवरच्या टांकीचें पाणी सकाळीं बर्फासारखें असतें. तें एकदम घातल्यास हीटरचें सारें काम फुकट जातें. परंतु थंडीच्या पहाटे विहिरींतून वाफा निघतात, हें आपण सर्वांनीं पाहिलें आहे. खोल जमिनींतल्या पाण्याचें उष्णतामान त्या भागाच्या वर्षाच्या सरासरीइतकें असतें. म्हणून खोल बोअरचें ताजें पाणी हिवाळ्यांत २५ अंशांच्या आसपास मिळतें. तें पिंपांत घेऊन तासभर त्यांत हवा सोडावी, कारण जमिनींतल्या पाण्यांत प्राणवायु थोडा असतो. मग उष्णतामान पाहून टाकींत हळूहळू घालावें. ही सोय शहरांतल्या हौशी माणसास नाहीं, आपणांस आहे. मात्र बोअरचें पाणी फार क्षारयुक्त असेल तर तें आपल्या माशांस मानवतें कीं नाहीं, हें थोडक्या पाण्यावर आधीं पाहावें.

सारांश, मासा कोठचा तें पाहावें, टाकीची गळती मोजावी, पांघरूण घालावें, मग उरलेली गळती भरून निघेल एवढी शक्ति दोन हीटरांत वांटून घ्यावी. फाल्गुनांत रात्री ऊबदार होऊं लागल्या कीं हीटर काढून, धुवून, जपून ठेवावेत. उन्हाळ्यांत टाकीस ऊब नव्हे तर सावली लागते. यंदाची थंडी तोंडावर आली आहे. ज्यांच्या घरीं टाकी आहे त्यांनीं गळतीचा प्रयोग या आठवड्यांतच करून पाहावा. त्यास उष्णतामापक आणि एक रात्र यांपलीकडे कांहीं लागत नाहीं. आपल्या छपराखालीं आणलेल्या जिवाची थंडी-ऊन पाहणें हें आपल्या घरांत परंपरेनें चालत आलें आहे. गोठ्याइतकाच सोप्यांतल्या टाकीचाही त्यांत हक्क आहे.